बाहेरकाठा

लक्ष्मीपूजनाची तिथी अमावास्या, आणि अमावास्या ही समुद्राच्या पंचांगात उधाणाची तिथी. त्यामुळे देशावरील गृहस्थ ज्या रात्री दारी पणत्या लावून लक्ष्मीची प्रतीक्षा करीत असतो, त्याच रात्री अलिबाग-पेणच्या खारेपाटात पूजा आटोपलेल्या घरालाही बांधापलीकडे चढत चाललेल्या पाण्याचे भान ठेवावे लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे गणित कोकणातल्या कोळ्याला किंवा आगऱ्याला कोणी पाटीवर गिरवून शिकवलेले नसते. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. अष्टमीच्या आगेमागे येणारी भांगाची भरती सौम्य असते. उधाणाला मात्र मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडू शकते, आणि खारेपाटातील पुष्कळशी भातशेते उधाणाच्या पातळीहून खाली वसलेली आहेत.

समुद्राच्या पातळीखाली शेती करणारा देश म्हटला की आपल्या सुशिक्षितांना हॉलंड आठवते, धरमतरच्या खाडीकाठचा आगरी आठवत नाही. वास्तविक खाडीच्या दलदलीभोवती चिखलमातीचा बांध घालायचा, आत कोंडलेल्या जमिनीतले मीठ पावसाच्या पाण्याने दोन-तीन वर्षे धुऊन काढायचे आणि मग तिच्यात खाऱ्या पाण्याला दाद देणार नाही असे भात घ्यायचे, ही विद्या आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदत आली आहे. समुद्राची धडक सोसणाऱ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. त्यात ठिकठिकाणी उघाडी ठेवलेली असते. तिची रचना इतकी साधी की तिच्यासाठी ग्रंथ लिहावा लागू नये: भरतीच्या पाण्याचा दाब बाहेरून आला की झडप मिटते, ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. गोव्यात या झडपेच्या दाराला मानस म्हणतात, अशा जमिनींना खाजण, आणि त्यांतील भाताला कोरगुट. तेथे सुमारे 18,000 हेक्टर जमीन या व्यवस्थेखाली असल्याचे सांगतात.

या रचनेचे मर्म, आणि तिचे मर्मस्थानही, आषाढ-श्रावणात कळते. उघाडी मिटलेली असते त्या काही तासांत आत पडणारा पाऊस आतच साठतो; नैर्ऋत्येचा वारा बाहेरचे पाणी काठ्यावर लोटीत असतो; आणि एखाद्या चिंबोरीच्या बिळातून पाझर सुरू झाला, तर चिखलाची भिंत आतून पोखरत जाऊन एका भरतीत खांड पडते. खांड पडली की पीक जाते ते एका वर्षाचे नव्हे. मीठ पुन्हा धुतले जाईपर्यंत जमीन रुसून बसते. मुंबईकरांनी हाच संयोग 26 जुलै 2005 रोजी अनुभवला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस आणि त्याच दुपारी भरती! पण मुंबई तरी मूळची काय? सात बेटांमधली खार भरून काढलेले शहर. वरळीची मोठी खांड 18व्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने बुजवण्यात आली, आणि त्या परिसराच्या ‘ब्रीच कँडी’ या नावातील पहिला शब्द म्हणजे आपल्या खांडीचेच इंग्रजी रूप.

काठा कोणी राखायचा, हा प्रश्न काठ्याइतकाच जुना. शिलोत्री जमिनींत शिलोत्रीदाराने बाहेरकाठ्याची डागडुजी करावी आणि त्यापोटी कुळांकडून ठरावीक भात घ्यावे, अशी वहिवाट होती. वसूल चोख आणि डागडुजी यथातथा, असा अनुभव कुळांना किती वेळा आला असेल याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडायचा नाही. याच खारेपाटातील चरी व आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि 1939 पर्यंत, उपासमार सोसून, तो चालवला, डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली, हे न्याय्यच झाले. परंतु जमीन वाटून घेता येते, काठा वाटून घेता येत नाही. शेकडो मालकांच्या शेतांपुढून जाणारी ती एक भिंत. तिच्यासाठी 1948 साली खारजमिनींचा कायदा झाला, 1979 साली महाराष्ट्राने नवा केला, आणि जो माणूस पूर्वी गावाच्या हाकेसरशी फावडे घेऊन धावत असे, तो हळूहळू खात्याकडे अर्ज करू लागला. अर्ज मंजूर होतो, अंदाजपत्रक होते, निविदा निघते. या काळात चंद्र आपल्या तिथी चुकवीत नाही.

वाळूच्या किनाऱ्यांची कथा वेगळी आहे, कारण तेथे राखायला काठाच नसतो. मालवणनजीक देवबाग हे गाव एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले. पालघरजवळच्या सातपाटीतही लाटांनी घरांपर्यंत मजल मारली. अशा गावांत दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा मागितला जातो आणि तो मागणे स्वाभाविकही आहे, मात्र बंधारा जेथे संपतो तेथून पुढच्या किनाऱ्यावर लाट आपला राग काढते, हेही तितकेच खरे. नद्यांवरच्या धरणांत अडकलेला गाळ आणि खाड्यांतून उपसलेली वाळू या दोन्हींची उणीव किनाऱ्याच्या खात्यात पडते.

हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाच्या 2021 सालच्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. आपल्या मापाने जवळजवळ एक वीत. उंच कड्याला एका वितीचे काय! पण जो काठा उधाणाच्या डोक्यावर हातभर उंचीने उभा आहे, त्याची ती हातभर शिल्लक जवळजवळ निम्मी कापून नेली गेली असे म्हणावे लागेल, आणि वाढीचा वेग अलीकडे अधिक आहे.

काठ्याबाहेर तिवरांची रांग असली की लाटेचा जोर तिच्यात जिरतो, म्हणून जुने लोक ती राखीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 पासून तिवरांच्या कांदळवनांना दिलेले संरक्षण सर्वस्वी योग्य आहे. पण ज्याचा काठा फुटून वर्षानुवर्षे बांधला गेला नाही, अशा शेतातही तिवरे येतात. रोपे भरतीबरोबर आत शिरतात आणि पाच-सात वर्षांत तेथे दाट बन उभे राहते. आता तेथे पुन्हा काठा घालावा, तर झाडे तोडावी लागतात, आणि झाडे तोडणे गुन्हा. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच असते. आपली जमीन पाहायला मात्र त्याला ओहोटीची वाट पाहावी लागते, आणि त्यासाठी तिथीची पाऊणपट करावी लागते.