नाताळची चांदणी

पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना बेथलेहेमची वाट एका ताऱ्यानें दाखविली, अशी कथा मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. त्याची आठवण म्हणून गोव्यांत व वसईस नाताळांत घरोघरीं चांदणी टांगतात. ती मुलांकडून करवावी.

बांबूच्या सारख्या लांबीच्या १० कामट्या वडील माणसांनीं तासून द्याव्यात. प्रत्येकीं ५ कामट्यांच्या दोन चांदण्या बांधून त्यांचीं टोकें एकमेकांस जोडावींत. मधल्या ५ सांध्यांत आखूड काड्या आडव्या बसविल्या कीं सांगाडा फुगतो. त्यावर खळीनें पतंगाचा कागद चिकटवावा. आंत ज्योत ठेवूं नये. विजेचा लहान दिवा कागदास न लागेल असा सोडावा.

एखादें टोक वांकडें झालें, तर तें आपण सरळ करूं नये. बाजारची चांदणी अधिक रेखीव असते. पण ‘ही मीं केली’ असें मुलाला तिच्याविषयीं म्हणतां येत नाहीं.