ओल्या दगडाची चमक

जालना जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली, की पाणी लागेपर्यंत सगळ्यांचे डोळे खाली असतात. वर काठाशी दगडांचा ढीग साचत जातो, पण त्याकडे कोणी फारसं पाहत नाही. पहिला पाऊस पडून त्यावरची माती धुतली गेली, की त्यातले काही दगड अचानक उठून दिसतात. कुठे निळसर-करडे पट्टे, कुठे मधाचा रंग, कुठे बर्फासारखे कण. हौसेनं एखादा दगड खिशात टाकावा, तर घरी पोचेपर्यंत तो वाळलेला आणि रंग उडालेला असतो. मघाशी पाहिला तो हाच का, असा प्रश्न पडतो.

दगड तोच असतो. त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे असतात आणि त्यांवर आपटून उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून तो मळकट दिसतो. पाणी त्या ओरखड्यांत भरलं, की पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो आणि आतला रंग वर येतो. दगड घासून चमकवण्याचा छंद म्हणजे ओलेपणी दिसलेला हा रंग कोरडेपणीही टिकवण्याची खटपट.

हे दगड आले कुठून?

जालन्याचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं विरघळलेली खनिजं त्या पोकळ्यांत आणून सोडली. सिलिका थराथरानं साचली तिथे अकीक झाला. मधे जागा उरली तिथे स्फटिक वाढले. कुठे झिओलाइट गटातली खनिजं जमली, कुठे कॅल्साइट. कधी एकाच पोकळीत बाहेर अकीक, आत गारेचे (क्वार्ट्झचे) टोकदार स्फटिक आणि त्यावर झिओलाइट, असा क्रम सापडतो.

म्हणून शोधायची ठिकाणं ठरलेली आहेत: विहिरी आणि शेततळ्यांचे ढिगारे, रस्त्यासाठी फोडलेल्या कडा, नदीनाल्यांची कोरडी पात्रं. झिओलाइट मऊ आणि ठिसूळ असल्यानं प्रवाहात टिकत नाही, अकीक आणि गारगोटी टिकतात. त्यामुळे पूर्णा किंवा दुधनेच्या वाळूत गोल झालेले अकीक मिळतील, पण अखंड झिओलाइट हवा असेल तर ताजा फुटलेला खडकच पाहावा लागतो. शेत ज्याचं, त्याला विचारूनच दगड उचलायचा. गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर मणी किंवा खापरं दिसली, तर ती जागेवरच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

ओळख पटवताना

आधी दगड ब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा. मग चाकू घ्या. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिख मोह्स यांनी १८१२ मध्ये काठिण्याची १ ते १० अशी उतरंड मांडली. त्यात कॅल्साइट ३ वर, गार ७ वर आणि हिरा १० वर आहे. साधा पोलादी चाकू साडेपाचच्या आसपास येतो. म्हणजे चाकूनं ओरखडा उठला तर तो अकीक नव्हे. उठला नाही आणि उलट दगडानंच काचेवर रेघ मारली, तर गार किंवा अकीक असण्याची शक्यता मोठी.

पांढऱ्या दगडावर लिंबाचा रस टाकून पाहा. खरवडून काढलेल्या भुकटीवर बारीक फेस आला तर तो कॅल्साइट.

तिसरी परीक्षा वजनाची. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दगडाचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असा धरा. आता दिसणारा आकडा म्हणजे दगडानं सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्यानं भागा. समजा दगड १३२ ग्रॅमचा आहे आणि काटा ५० दाखवतो, तर उत्तर २.६४. गार आणि अकीक २.६ च्या आसपास येतात, बेसॉल्ट ३ च्या जवळ आणि झिओलाइट गटातला स्टिल्बाइट साधारण २.२.

जालना शहर पोलादाच्या कारखान्यांचं. त्यामुळे शहराच्या आसपास मिळालेला, काचेसारखा चमकणारा आणि आत बुडबुडे असलेला तुकडा भट्टीतला स्लॅगही असू शकतो. अशा वेळी लोहचुंबक लावून पाहावं.

काय कापायचं नाही

मधे आवळलेल्या पेंढीसारखा, फिकट गुलाबी किंवा पांढरा स्फटिकांचा झुबका दिसला तर तो बहुधा स्टिल्बाइट. काचेसारखे चौकोनी स्फटिक आणि माथ्यावर मोत्याची झाक असेल तर अपोफिलाइट. हे दोन्ही एका दिशेनं सहज चिरफळतात, त्यामुळे पाती लावली की तुकडे होतात. झिओलाइटच्या रचनेत पाणी असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. १७५६ मध्ये क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं त्यावरूनच ग्रीकमधून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचं हे नाव दिलं. असे नमुने मऊ ब्रशनं, साध्या पाण्यानं धुवायचे आणि कापसावर ठेवायचे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनचे असे नमुने मांडलेले आहेत. एकदा ते पाहिले, की हातोडी आपोआप थबकते.

कापणं

अकीकाला मात्र कापल्याशिवाय आतले पट्टे दिसत नाहीत. पाण्याचा ट्रे असलेलं छोटं टाइल कटर आणि सलग कडेची डायमंड ब्लेड यावर सुरुवात करता येते. ही पाती चिरत नाही, तिच्या कडेवरचे हिऱ्याचे कण दगड घासत जातात. म्हणून दगड रेटायचा नाही, पातीच्या गतीनं पुढे द्यायचा. कापायची रेघ ॲल्युमिनियमच्या तारेनं काढावी, पाण्यात ती पुसली जात नाही.

कोरडं कधीही कापू नये. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. गुजरातमधल्या खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये या आजाराची नोंद जुनी आहे. पाणी धूळ जागीच धरतं, तरी मास्क आणि चष्मा लावायचाच.

घासणं

सपाट काप जाड काचेवर घासता येतो. काचेवर ८० नंबरची कार्बोरंडम पूड आणि थोडं पाणी घ्या, दगड गोल गोल फिरवा. पातीच्या खुणा गेल्या की २२०, मग ४००, ६०० आणि १२००. प्रत्येक पूड मागच्या पुडीचे ओरखडे काढते आणि स्वतःचे, त्याहून बारीक ओरखडे पाडते. नंबर बदलताना हात, नखं, दगड आणि काच धुवायची. ८० नंबरचा एक कण मागे राहिला, तर तो १२०० वरची सगळी मेहनत वाया घालवतो. शेवटी ओल्या चामड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइड. काचेला पॉलिश करायला हीच पूड वापरतात.

घुमटाकार खडा हवा असेल तर तुकडा लाखेनं काडीवर चिकटवून चाकावर फिरवतात. काम झालं की फ्रीजरमध्ये ठेवायचा, थंडीनं लाख सुटते.

छोट्या गोट्यांसाठी टंबलर सोपा. पिंप दोन तृतीयांश भरायचं, एकाच काठिण्याचे दगड घ्यायचे आणि पाणी वरच्या थराच्या किंचित खाली ठेवायचं. पुडीचे चार टप्पे, प्रत्येकी आठवडाभर. उरलेला चिखल मोरीत ओतू नका, पाइपात बसून तो सिमेंटसारखा घट्ट होतो.

हे तंत्र इथे नवं नाही. जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये तिथे झालेल्या उत्खननात अकीकासारख्या दगडांचे मणी मिळाले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नोंदीत शेजारच्या पैठणहून भडोच बंदरात जाणाऱ्या पट्टेदार दगडांचा उल्लेख आहे. त्या कारागिरांकडे मोटर नव्हती, पण पाणी, दगडाहून कठीण कण आणि उतरत्या क्रमानं बारीक होत जाणारे ओरखडे, ही रीत त्यांचीही होती.

शेवटची परीक्षा घाईनं घेऊ नये. पाण्यातून काढलेला दगड नेहमीच झालेला वाटतो. तो पुसा, उन्हात नीट वाळू द्या आणि मग ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. दगडात दिव्याचं प्रतिबिंब रेखीव कडांचं दिसलं, तर काम संपलं. कडा धूसर दिसल्या, तर दगड अजून वाळलेलाच आहे. पुन्हा ६०० ची पूड काढा.