कोळंबीचे बी पारखून घ्या
खारजमिनीत तळे करून कोळंबी पाळायची, तर बी कसे तयार होते हे आधी समजून घ्या. एक मादी एका वेळी लाखावर अंडी घालते. बीजकेंद्रात गाळून निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात ती पंधराएक तासांत फुटतात. पहिले दीड-दोन दिवस पिल्लू काही खात नाही, अंगच्या बलकावर जगते. मग त्याला सूक्ष्म शेवाळ व पुढे आर्टेमियाची पिल्ले देतात. पाणी २८ ते ३२ अंश सेल्सिअस राखतात. दहा-बारा दिवसांत त्याला कोळंबीचे रूप येते. आणखी तितकेच दिवस वाढवून बी विकतात.

खरा धोका पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. त्याच्या विषाणूवर औषध नाही. तो तळ्यात शिरला की आठ-दहा दिवसांत बहुतेक माल जातो, अन् कर्ज डोक्यावर राहते. तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून बी उचलू नका. केंद्राची नोंदणी पाहा, पीसीआर तपासणीचा दाखला मागा. ताटलीत पाणी फिरवून बघा. चांगले बी प्रवाहाविरुद्ध पोहते.

बी सकाळी थंड वेळी आणा. पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगू द्या, तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घाला, मगच सोडा. इथे घाई केली, तर पारखून आणलेले बीही हातचे जाईल.