आकाशाचा ताळेबंद

मृग लागला, की आपल्या वऱ्हाडातला शेतकरी पहिला प्रश्न करतो, ‘यंदा मृगाचं वाहन काय?’ पेरणीचा सारा बेत या नक्षत्रावर. पण मृगाशी नाते केवळ तिफणीचे नव्हते, दप्तराचेही होते. पेशवाईतला एखादा मोडी कागद पाहा. सालाच्या जागी लिहिलेले असते, ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ.’ हे शब्द मराठी नाहीत, संस्कृतही नाहीत. ते अरबी अंक आहेत. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. बेरीज करा, ११६१. या सालाला सुहूर सन किंवा अरबी साल म्हणत. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, म्हणजे इसवी सन निघतो. ११६१ मध्ये ६०० मिळवले, की १७६१. पानिपतचे साल!

आता गंमत पाहा. शब्द अरबी, पण साल बदलते कधी? सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा. म्हणून याच सालाला ‘मृगसाल’ असेही नाव होते. अरबी मोजणी आणि आपले नक्षत्र अशी एकाच ओळीत कशी येऊन बसली, हे समजून घ्यायचे तर आकाशाचे हिशेब मांडणाऱ्या जुन्या हस्तलिखितांकडे वळले पाहिजे.

हिजरी वर्ष चंद्राचे. ते सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे ऋतूंच्या वर्षाहून ११ दिवसांनी तोकडे. धार्मिक सणांना त्याची अडचण नाही. पण सारा वसूल करायचा तो पिकावर, आणि पीक काही चंद्राकडे बघून पिकत नाही. चांद्र सालाने वसुली केली, तर काही वर्षांनी तलाठी दारात उभा आणि ज्वारी अजून पोटऱ्यात, असा प्रकार व्हायचा. म्हणून दक्षिणेत १३४४ च्या सुमारास हिजरी सनाचा आकडा तसाच ठेवून वर्ष मात्र सूर्याचे धरले. पुढे मोगलाईत फसली सन आला, तोही याच गरजेतून. ‘फसल’ हा शब्द अरबी, ‘मोसम’ अरबी, ‘तारीख’ आणि ‘हिशेब’ हेही अरबी. रोज आपल्या तोंडी असणारे हे शब्द वाऱ्यावर आले नाहीत. दप्तरे आणि तक्ते यांच्याबरोबर आले.

या आकाशाच्या तक्त्यांच्या ग्रंथाला अरबी-फारसीत ‘जीज’ म्हणतात. मूळ शब्द जुन्या फारसीतला, त्याचा अर्थ विणकऱ्याचा धागा. मागावर ताणा लावलेला असावा तशा तक्त्यातल्या रेघा उभ्या असतात, म्हणून हे नाव पडले. कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांना ते निराळे समजावून सांगायला नको. या उभ्या ताण्यात आडवा बाणा आकड्यांचा.

जीज वापरतात कसा? समजा, आज सूर्य कोठे आहे ते काढायचे आहे. तक्त्याच्या आरंभी एका ठरावीक दिवशी सूर्य कोठे होता ते दिलेले असते. ती झाली आपली शिल्लक. मग सूर्य सरासरीने रोज ५९ कला ८ विकला चालतो, या हिशेबाने वर्षांचा एक तक्ता, महिन्यांचा एक, दिवसांचा एक. तिन्हींतले आकडे घेऊन शिल्लकीत मिळवायचे. पण सूर्याची चाल बारा महिने सारखी दिसत नाही. पंचांग उघडून पाहा, पावसाळ्यात सूर्य एका नक्षत्रात जवळजवळ १४ दिवस राहतो आणि हिवाळ्यात १३ च्या आसपास. चढावर बैल सावकाश चालतात आणि उतारावर गाडी पळते, तसेच हे दिसायला. म्हणून आणखी एक तक्ता लागतो, दुरुस्तीचा. सूर्याची दुरुस्ती जास्तीत जास्त दोनेक अंशांची, चंद्राची पाच किंवा त्याहून अधिक. मधला मार्ग अधिक दुरुस्ती, की खरी जागा मिळाली. आपल्या करणग्रंथांतही हीच रीत आहे. नावे वेगळी, हिशेब एका जातीचा.

हे सारे हाताने उतरवून घ्यायचे. छापखाना नाही. अरबी जीजांत आकडे अक्षरांनी लिहीत. अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, जीम म्हणजे ३, नून म्हणजे ५०. आता जीमच्या पोटातला एक नुक्ता गळला, की त्याचे ‘बडी हे’ होते, आणि तिनाचे आठ होतात. एक थेंब शाई वाचवली आणि ग्रह पाच अंश सरकला! जाणते लेखनिक म्हणूनच जीमची शेपटी तोडून लिहीत, म्हणजे नुक्ता गेला तरी घोटाळा होत नसे. आपल्याकडे याच भीतीपोटी आकडे श्लोकात बांधले. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. शब्द चुकला तर वृत्त मोडते आणि चूक कानाला कळते. चूक होऊ नये ही काळजी दोन्हीकडची, उपाय आपापले.

जीजांच्या जोडीला ताऱ्यांची पुस्तके. त्यांत नामांकित पुस्तक अब्दुर्रहमान अल-सूफी याचे, इसवी सन ९६४ च्या सुमाराचे. ग्रीक पंडित टॉलेमीच्या यादीतला एकेक तारा त्याने पुन्हा पाहिला, त्याचे तेज तपासले आणि ४८ तारकापुंजांची चित्रे दिली. प्रत्येक पुंजाची चित्रे दोन. एक जमिनीवरून दिसते तसे आणि दुसरे खगोलाच्या गोळ्यावर दिसेल तसे, म्हणजे डावे-उजवे उलट. शाळेत शिकवणाऱ्याला ही युक्ती फार पटेल. अरबांच्याही चंद्राच्या वाटेवर २८ मुक्काम आहेत, आपल्या २७ नक्षत्रांसारखे. आपल्या कृत्तिकांना ते सुरैया म्हणतात. रोहिणीला ‘दबरान’, म्हणजे मागून येणारी. माघाच्या संध्याकाळी वर पाहा, रोहिणी कृत्तिकांच्या मागे चाललेली दिसते की नाही? ज्येष्ठा म्हणजे त्यांच्या लेखी विंचवाचे काळीज, श्रवण म्हणजे उडता गरुड, आणि दक्षिणेचा अगस्त्य म्हणजे सुहैल.

ही विद्या कोठून कोठे गेली? आठव्या शतकात, खलिफा अल-मन्सूरच्या काळात, एक भारतीय सिद्धान्तग्रंथ बगदादला पोचला. त्याचे अरबी रूप ‘सिंदहिंद’. त्याच्या आधाराने अल-ख्वारिज्मीने आपला जीज रचला. आपल्या गणितातली ‘ज्या’ अरबीत ‘जीबा’ झाली, लोक ती ‘जैब’ वाचू लागले, आणि लॅटिनात तिचे भाषांतर होऊन आजच्या शाळेतले ‘साइन’ झाले. पेव आपण उघडले, बियाणे परदेशी गेले, तिकडच्या मातीत त्याची निवड झाली, आणि काही शतकांनी ते सुधारून घरी आले.

घरी म्हणजे अगदी आपल्या दाराशी. वऱ्हाड तेव्हा बहमनी राज्यात होते. सुलतान फिरोजशहा बहमनी याने १४०७ मध्ये दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळा बांधायला काढली. काम हकीम हसन गीलानी या जाणकाराकडे होते. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की हकीम वारला आणि काम अर्धेच राहिले. बुलढाण्याहून काही दिवसांच्या मजलीवर तक्ते तयार व्हायचे, ते झाले नाहीत. एका माणसावर विद्या अवलंबून राहिली, की असे होते. पुढे १४३७ साली आपल्या रोहिणखेडला बहमनी आणि खानदेशी फौजांची लढाई झाली. त्याच सुमारास तिकडे समरकंदला उलुघ बेग या विद्वान राजाचा जीज पुरा होत होता. त्यात १०१८ ताऱ्यांची यादी आहे. त्यातले २७ तारे समरकंदहून दिसतच नाहीत, म्हणून त्याने ते अल-सूफीच्या पुस्तकावरून घेतले आणि तसे नमूदही केले. अगस्त्य तिथल्या क्षितिजावर येत नाही. आपल्या बुलढाण्यातला पोरगा मात्र हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड करून तो खुशाल पाहतो.

आता पूर्णेकाठची गोष्ट. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असे अभ्यासक धरतात. त्या पयोष्णीच्या काठी विदर्भात दधिग्राम नावाचे गाव होते. तिथल्या एका ज्योतिषी घराण्यातले बल्लाळ काशीला गेले. त्यांचा मुलगा कृष्ण दैवज्ञ जहांगीर बादशहाच्या पदरी होता. दुसरा मुलगा रंगनाथ. त्याने १६०३ मध्ये सूर्यसिद्धान्तावर टीका लिहिली. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर. याच काशीत दुसरे मराठी घराणे होते, गोदावरीच्या उत्तर काठच्या गोलग्रामचे. त्यात कमलाकर जन्मला. त्याने १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ग्रंथ रचला आणि त्यात उलुघ बेगाचे नाव घेऊन त्याची गणिते संस्कृतात आणली. मुनीश्वर आणि कमलाकर यांचे वाद गाजले. यवनांचे घ्यावे की न घ्यावे, घ्यावे तर किती, हा त्या काळच्या पंडितांपुढचा खरा प्रश्न होता. कमलाकराने आणखी एक धीट गोष्ट सांगितली. आपण ज्याला ध्रुव म्हणतो तो तारासुद्धा अगदी अचल नाही. ज्याच्या अढळपणाच्या शपथा घ्याव्यात त्याच्याबद्दल असे लिहायला डोळे उघडे असावे लागतात आणि छातीही लागते.

म्हणजे जुन्या ग्रंथात लिहिले ते चूक का? तसे नव्हे. तक्ता हा नव्या कोऱ्या तराजूसारखा. पहिल्या दिवशी बरोबर तोलतो, वापरता वापरता काटा सरकतो. तारेसुद्धा संपातबिंदूपासून हळूहळू सरकतात. हे सरकणे टॉलेमीने १०० वर्षांत एक अंश धरले. अल-सूफीने ६६ वर्षांत, नंतर नसीरुद्दीन तूसीने ७० वर्षांत. आजचा आकडा सुमारे ७२ वर्षे. पाहा, पिढ्यामागून पिढ्या आकडा कसा खऱ्याच्या जवळ आला! आपला मृगही याच कारणाने ऋतूच्या मानाने ७२ वर्षांत सुमारे एक दिवस पुढे जातो. आज तो ७-८ जूनला लागतो. मृगसाल सुरू झाले त्या वेळी तो आजच्या हिशेबाने मे महिन्यातच लागत असे.

म्हणून मोठ्या ज्योतिष्यांनी एकच कसोटी मानली. गणिताने काढलेले आकाशात दिसले पाहिजे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला तो याच कसोटीवर. जयपूरच्या सवाई जयसिंगाने आपल्या जीजाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे, की चालू तक्त्यांवरून काढलेली ग्रहणे आणि चंद्रदर्शने प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. म्हणून त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी येथे वेधशाळा बांधल्या. त्याचा पंडित जगन्नाथ सम्राट याने टॉलेमीचा ग्रंथ तूसीच्या अरबी प्रतीवरून संस्कृतात आणला. आणि हा सारा इतिहास मराठीत लिहून ठेवला तो शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, १८९६ साली. ते राजे नव्हते, दरबारी नव्हते. शिक्षक होते.

तेव्हा आमच्या शिक्षक बंधुभगिनींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, पोरांना रात्री अंगणात काढा. हात लांब करून मूठ धरली की सुमारे १० अंश होतात. बुलढाणा जिल्ह्यातून ध्रुव उत्तरेच्या क्षितिजावर दोन मुठींच्या किंचित वर दिसला पाहिजे. दिसतो का, ते त्यांनी स्वतः मोजावे. एक बारीक नळी खुंटीला घट्ट बांधून ध्रुवावर रोखा, आणि तीन-चार तासांनी पुन्हा पाहा. कमलाकर काय म्हणाला ते व्याख्यानाशिवाय कळेल. एक वही ठेवा, दर महिन्याला कोणता तारा कोणत्या वेळी डोक्यावर आला ते लिहा. पुढच्या वर्षीची मुले तीच वही तपासतील. जीज याहून वेगळा जन्मत नाही.

दुसरी गोष्ट माळ्यावरच्या बाडांची. मोडी, संस्कृत, फारसी, अरबी, लिपी कोणतीही असो, वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत जाते. भाविक घरात जीर्ण पोथी नदीत सोडतात, कोणी जुने कागद जमिनीत पुरतात. मनात श्रद्धाच असते, पण पान गेले ते गेले. ज्या पानात फक्त आकड्यांची चौकट दिसते तेच कदाचित कोणा विसरलेल्या माणसाने वर्षानुवर्षे आकाश पाहून भरलेले असेल. त्याला ऊन, वाळवी आणि ओल यांपासून जपा, कोरड्या फडक्यात बांधा, उगीच डिंक-चिकटपट्टी लावू नका. आणि नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ किंवा पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणच्या जाणकारांना एकदा दाखवा.

हकीम गेला आणि दौलताबादची वेधशाळा अर्धी राहिली. दधिग्राम आणि गोलग्राम सुटले तरी त्या घराण्यांची विद्या टिकली, कारण ती बापाने मुलाला दिली, मुलाने तपासली, आणि कागदावर उतरवली. यंदा मृग लागेल तेव्हा वाहन जरूर विचारा. पण पोराला एवढेही सांगा, की हा मृग बगदाद आणि समरकंदच्या वह्यांतही मांडलेला होता, आणि त्या वह्यांत आपल्याकडचीही बरीच जमा आहे.