गाव पाहावे पायी

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. ज्या रस्त्याने ती रोज शाळेत येतात त्या रस्त्यालाही इतिहास असतो, याची त्यांना कल्पनाच नसते. अहमदाबादेत महानगरपालिकेने १९९७ साली काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत पायी फेरी सुरू केली. पोळांतून हिंडताना तेथे जुन्या वास्तूंबरोबर लोकांच्या राहणीचेही दर्शन घडते. आमच्या आदिलाबादेत असे का होऊ नये, असे मनात येऊन गेल्या हिवाळ्यात सातवीच्या मुलांना घेऊन मी निघालो.

प्रारंभ रेल्वे स्थानकापासून केला. येथून लोहमार्ग किनवटवरून मुदखेडास जातो. १९४१ साली जिल्ह्याचे ठाणे आसिफाबादेहून येथे आले आणि कचेऱ्यांमागोमाग गाव वाढले. पुढे १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, किनवट व राजुरा हे तालुके मात्र तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. हे सांगताच एक मुलगी म्हणाली, "म्हणजे गुरुजी, आजीचे माहेर जागच्या जागीच परराज्यात गेले!" नकाशा तासभर शिकवूनही मला जे साधले नसते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

कोळीपुऱ्यातून जाताना मुलांनी दुकानांवरील पाट्या उतरवून घेतल्या. तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी! मग आम्ही कापसाच्या बाजारात पोहोचलो. तेथे ऐंशीच्या घरातील एक निवृत्त हमाल बसले होते. वडिलांकडून शिकलेले जुने कोष्टक त्यांनी एका दमात म्हणून दाखविले : पाच शेरांची पासरी, आठ पासऱ्यांचा मण, वीस मणांची खंडी. मुले थक्क झाली. इतक्यात मागे उभा असलेला एक अबोल विद्यार्थी हळूच म्हणाला, "हे माझे आजोबा." शाळेच्या निबंधात त्याने आजोबांचा व्यवसाय 'व्यापार' असा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याने वही पुढे केली. 'व्यापार' खोडून तेथे स्वच्छ अक्षरात 'हमाली' लिहिले होते. मी काहीच बोललो नाही, केवळ सही केली.

वाचकहो, अशा फेरीस ना पैसा लागतो, ना परवानगी. येथे काय होते, कोण राबत होते, कोणती भाषा बोलत होते, हे तीन प्रश्न पुरेत. आपण बडोद्यास असा, इंदुरास असा की हैदराबादेस, घरातील वडीलधाऱ्यांना संगे घेऊन एका रविवारी मुलांसह बाहेर पडा. वास्तू शंभर वर्षे उभी राहील, पण तिची हकीकत सांगणारा माणूस तितका थांबणार नाही.