कायद्याच्या लेखी बंदूक नसलेला अर्धा भाग

टेक्सास किंवा ॲरिझोनासारख्या राज्यात एखाद्या घराच्या दारात कुरिअरवाला लांबट खोका ठेवून जातो. आत रायफलची नळी असते, गोळी उडताना निर्माण होणारा सारा दाब सोसणारा बोल्ट असतो आणि या दोहोंना सामावून घेणारे ॲल्युमिनियमचे कवच असते. हा खोका देताना कोणी परवाना विचारत नाही, खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची चौकशी होत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या दृष्टीने त्या खोक्यात बंदूक नसते, असतात ते केवळ सुटे भाग. त्याच रायफलचा खालचा भाग मात्र, जो नुसता हातात धरला तर तळहाताएवढा धातूचा पोकळ ठोकळा वाटावा, परवानाधारक दुकानातूनच घ्यावा लागतो. तिथे ठरावीक अर्ज भरावा लागतो आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणीही होते.

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार चमत्कारिक वाटेल. गोव्यात शेतीच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना बाळगणाऱ्याला निवडणूक जाहीर होताच ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागण्याची सवय असते. तिथे मात्र हौशी माणूस घरच्या मेजावर रायफलचा वरचा अर्धा भाग स्वतः जुळवतो, त्याला 'अपर' म्हणतो, आणि पहिल्या अपरसाठी कोणते भाग निवडावेत यावर मित्रमंडळीत तासन्तास खल करतो. हा खल निरर्थक नसतो. कायद्याने ज्या भागाकडे पाठ फिरवली आहे, नेमका तोच भाग रायफलचा पल्ला, अचूकता आणि चालवणाऱ्याच्या चेहऱ्याची सुरक्षितता ठरवतो.

मुळात एका रायफलचे असे दोन तुकडे झाले कसे? यूजीन स्टोनर या अभियंत्याने १९५० च्या दशकात आर्मालाइट या कंपनीसाठी जी रायफल आखली, तिच्यात वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र सांगाडे होते. वरच्यात नळी आणि बोल्ट, खालच्यात चाप, हॅमर आणि मॅगझिनची जागा. दोहोंना जोडणाऱ्या पिना केवळ दोन. त्या दाबून सरकवल्या की रायफल दुभंगते आणि साफसफाई सोपी होते. एआर-१५ या नावातील 'एआर' ही अक्षरे आर्मालाइटचीच. कंपनीने १९५९ मध्ये या आराखड्याचे हक्क कोल्टला विकले. लष्करी रूपात ती एम-१६ झाली आणि नागरी बाजारात एआर-१५ म्हणूनच राहिली. मूळ पेटंटची मुदत १९७७ मध्ये संपली आणि पुढे अनेक कारखाने तिचे भाग बनवू लागले. एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या कवचात बसते, कारण मोजमापे समान. अशा अदलाबदल होणाऱ्या भागांची कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुजली होती. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत जॉन हॉल याने ती प्रत्यक्षात आणून दाखवली होती. त्यापूर्वी प्रत्येक बंदूक कारागीर घासून-पुसून जुळवत असे आणि एकीचा खिळा दुसरीला लागत नसे.

कायद्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९६८ च्या संघीय शस्त्रकायद्याने बंदुकीबरोबरच तिच्या 'रिसीव्हर'लाही, म्हणजे मुख्य सांगाड्यालाही, बंदूक मानले. पुढे नियमांत रिसीव्हरची व्याख्या आली : हॅमर, बोल्ट आणि गोळी झाडण्याची यंत्रणा ज्यात राहते आणि ज्याच्या पुढच्या टोकाला सहसा नळी जोडली जाते, तो भाग. स्टोनरच्या रायफलमध्ये हे सारे एका ठिकाणी नाहीच. बोल्ट आणि नळी वर, हॅमर खाली. सरकारी खात्याने खालच्या भागाला रिसीव्हर ठरवून त्यावर क्रमांक कोरण्याची सक्ती केली आणि व्यवहार वर्षानुवर्षे तसाच चालला. २०१६ नंतर मात्र काही खटल्यांत आरोपींच्या वकिलांनी व्याख्येवर बोट ठेवले आणि एकाहून अधिक न्यायाधीशांना ते मान्यही करावे लागले. २०२२ मध्ये नवा नियम आला, त्यात एआर-१५ चा खालचा भाग हाच रिसीव्हर असे नाव घेऊन लिहिले गेले. त्या नियमातील घरगुती बंदूकसंचांविषयीच्या तरतुदींना आव्हान मिळाले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळले. वरचा भाग या साऱ्या वादात मोकळाच राहिला.

आता निवडीकडे वळू. अनुभवी माणूस नवख्याला पहिली गोष्ट सांगतो ती पैशांच्या वाटपाची : रंग, पकड, दुर्बीण यांचा विचार मागाहून, आधी नळी आणि बोल्ट. नवख्याचे मन नेमके उलट धावते. डोळ्यांत भरते ते पुढचे खाचाखाचांचे नळीवरचे आवरण. उरलेल्या पैशांत मग मिळेल ती नळी घेतली जाते.

नळी निवडताना तिच्या मागच्या टोकाचा, म्हणजे काडतूस बसण्याच्या चेंबरचा, प्रश्न आधी सोडवावा लागतो. ५.५६ मिलिमीटरचे लष्करी काडतूस आणि .२२३ रेमिंग्टन हे शिकारीचे काडतूस बाहेरून जवळजवळ जुळे. परंतु लष्करी चेंबरमध्ये गोळी पेचदार खाचांना भिडण्यापूर्वी थोडी अधिक मोकळी जागा ठेवलेली असते. .२२३ साठी कोरलेल्या चेंबरमध्ये लष्करी काडतूस झाडले तर दाब अपेक्षेबाहेर वाढू शकतो. उलट दिशेने सहसा अडचण येत नाही. दोन्ही काडतुसे सुरक्षितपणे चालावीत आणि अचूकताही राहावी म्हणून 'वाइल्ड' नावाचा मधला प्रकार निघाला. नळीवर यांपैकी काय कोरले आहे ते वाचणे ही पहिल्या खरेदीतील सर्वांत स्वस्त खबरदारी.

याहून भयंकर सापळा .३०० ब्लॅकआउट या काडतुसाचा. ते त्याच बोल्टवर आणि त्याच मॅगझिनमध्ये चालते, बदलावी लागते ती फक्त नळी. हौशी लोकांना हीच सोय भुलवते. पण चुकून हे काडतूस ५.५६ च्या नळीत गेले आणि चाप ओढला गेला, तर सुमारे ७.८ मिलिमीटर व्यासाच्या गोळीला ५.७ मिलिमीटरच्या वाटेने जावे लागते. ती जात नाही. रायफल फुटते आणि तिच्यामागे चेहरा असतो. ज्यांच्या घरी दोन्ही प्रकारचे अपर आहेत ते मॅगझिनवर वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावतात. माझ्या मते ज्याने पहिलाच अपर घ्यायचा आहे त्याने या दुहेरी मोहात पडूच नये.

दुसरा प्रश्न नळीच्या आतील पेचाचा. गोळी स्थिर राहावी म्हणून तिला फिरकी द्यावी लागते, आणि किती इंचांत एक वेढा हे नळीवर लिहिलेले असते. प्रारंभीच्या एआर-१५ मध्ये चौदा इंचांत एक वेढा होता. थंड, दाट हवेत गोळ्या डळमळतात असे चाचण्यांत दिसल्यावर तो बारावर आणला गेला. १९८० च्या दशकात अधिक लांब गोळी आली तेव्हा लष्कराने सात इंचांपर्यंत पेच घट्ट केला. गोळी जितकी लांब तितकी फिरकी अधिक हवी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ५५ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमच्या, साध्या गोळ्यांपासून ७७ ग्रेनच्या जड गोळ्यांपर्यंत सारे वापरून पाहणाऱ्याला सात किंवा आठ इंचांचा पेच सोयीचा पडतो.

लांबीच्या बाबतीत कायदा पुन्हा डोके वर काढतो. खांद्याला लावायच्या रायफलची नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असेल तर १९३४ च्या कायद्याखाली तिची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यासाठी नव्वद वर्षे दोनशे डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला, नोंदणी मात्र सुटलेली नाही. आखूड अपर नुसता कपाटात असला तर तो भागच असतो. तो रायफलच्या खालच्या भागावर बसवला की विनानोंदणी शस्त्राचा गुन्हा होतो. म्हणून पहिली नळी सोळा इंचांची असावी हा सल्ला तिथे सर्वत्र ऐकू येतो.

स्टोनरच्या रचनेत गोळीमागचा तप्त वायू नळीतील छिद्रातून घेऊन मागे बोल्टपर्यंत नेला जातो आणि त्याच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. छिद्र चेंबरच्या जितके जवळ तितका वायूचा दाब अधिक आणि धक्का कठोर. सोळा इंचांच्या नळीवर सात इंचांची 'कार्बाइन' किंवा नऊ इंचांची 'मिड-लेंथ' वायुनलिका अशा दोन पर्यायांत बहुतेक जाणकार दुसरीकडे झुकतात. तिने भाग कमी झिजतात आणि खांद्यालाही सुख लागते.

नळीला आतून क्रोमियमचा मुलामा असावा की नसावा, हा वाद अचूकतेच्या अंगाने रंगतो. मुलाम्याचा थर सर्वत्र सारखा नसल्यास नेम किंचित बिघडतो, म्हणून स्पर्धक स्टेनलेस पोलादाची नळी पसंत करतात. पण मुलाम्यामागे व्हिएतनामची आठवण आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर एम-१६ तिथल्या जंगलात पोहोचली तेव्हा चेंबरला मुलामा नव्हता आणि काडतुसातील दारूही मूळ आराखड्यातील राहिली नव्हती. नव्या दारूने काजळी वाढली आणि यंत्रणेचा वेगही. सैनिकांना साफसफाईचे साहित्य पुरेसे दिले गेले नव्हते. दमट हवेत चेंबर गंजले, पुंगळ्या आत चिकटून बसल्या. नळीच्या तोंडातून गज घालून त्या ठोकून काढताना सैनिक मारले गेले. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या प्रकरणावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर चेंबरला, पुढे संपूर्ण नळीला, मुलामा आला. आराखडा उत्तम असूनही एका भागात केलेली काटकसर किती महागात पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शस्त्रांच्या इतिहासात शोधावे लागेल.

बोल्टविषयी थोडक्यात. त्याच्या तोंडावरील दाते नळीच्या मागच्या भागात अडकतात आणि स्फोटाचा मारा झेलतात. म्हणून पोलाद कोणते, चुंबकीय पद्धतीने भेगांची तपासणी झाली आहे का, आणि वायू घेणाऱ्या टोपीचे स्क्रू ठोसून पक्के केले आहेत का, हे पाहायचे. नळी एका कंपनीची आणि बोल्ट दुसऱ्या कंपनीचा असेल तर दोहोंमधील अंतर मापकाने तपासल्याशिवाय पहिली गोळी झाडू नये. हे काम नवख्याने प्रशिक्षित बंदूक-कारागिराकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. शेवटी राहते ॲल्युमिनियमचे कवच. ते ७०७५ जातीच्या घडीव धातूचे असले की त्यावर डोके शिणवण्याचे कारण नसते. दुर्बीण आणि पुढचे आवरण ज्याच्या त्याच्या आवडीचे.

इथवर वाचून हे परक्यांचे खेळ आहेत असे वाटू शकते. पण आज न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास येथे मराठी कुटुंबे हजारोंनी आहेत, आणि कायद्याची ही रेषा त्यांच्यासाठी वेगळ्याच ठिकाणी पडते. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात या घडणीच्या अनेक रायफलींवर राज्याचीच बंदी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद सोडले तर ही मनाई पूर्ण आहे, आणि भंग केल्यास पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाळगणे म्हणजे केवळ मालकी नव्हे. ग्रीन कार्ड असलेल्या सहकाऱ्याने हौसेने जुळवलेली रायफल सुटीच्या दिवशी हातात घेऊन फोटो काढणारा विद्यार्थी हे बहुधा जाणत नसतो. त्याच्या लेखी अपर हा सुटा भाग असेल, पण तो खालच्या भागावर बसला आणि शेजारी काडतुसांचा डबा आला की प्रश्न व्हिसाचा होतो.

आणि तो भाग मायदेशी आणण्याचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर दोन्ही टोकांना दार बंद आहे. रायफलची नळी किंवा बोल्ट अमेरिकेबाहेर नेण्यास तिथल्या वाणिज्य खात्याचे निर्यात नियम लागू होतात. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात तर 'शस्त्रे' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री येतात. नळीच्या टोकाला लावायचा ज्वाला किंवा आवाज कमी करणारा छोटा तुकडादेखील या कायद्यात अग्निशस्त्रातच मोडतो. परवान्याविना शस्त्र बनवण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर सामानाच्या तपासणीत असा तुकडा निघाला, तर तो टेक्सासमध्ये दुकानातून विनापरवाना मिळाला होता, हे सांगून काहीही साधणार नाही.