आठ वाट्या सांजोवेझे

1872 साली इटलीच्या एका माजी पंतप्रधानांनी पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. विषय राजकारणाचा नव्हता, द्राक्षांच्या प्रमाणाचा होता. बेत्तिनो रिकासोली हे एकीकरणानंतरच्या इटलीचे दुसरे पंतप्रधान. स्वभाव इतका कडक, की लोक त्यांना ‘लोखंडी जहागीरदार’ म्हणत. टस्कनीत ब्रोल्योच्या आपल्या किल्ल्याभोवती त्यांनी वर्षानुवर्षं द्राक्षांच्या जाती लावून, त्यांची वाइन करून, मिसळून पाहिली होती. त्याचं सार या पत्रात आलं. मुख्य द्राक्ष सांजोवेझे. सुगंध आणि दम तिचा. कानायोलो तिचा करडेपणा मऊ करते. माल्वासिया हे पांढरं द्राक्ष वाइनला हलकं करतं, म्हणून रोजच्या जेवणात लवकर संपवायची असेल तर ते घालावं. मुरवत ठेवायची असेल तर टाळलेलं बरं.

या शेवटच्या अटीकडे पुढे कायदा करणाऱ्यांनीच काणाडोळा केला, आणि टस्कनीच्या ‘कियांती’ या वाइनची निम्मी कहाणी तिथेच घडली.

पण आधी, मिसळायचंच कशाला? नुसती सांजोवेझे पिऊन पाहिली की उत्तर मिळतं. आंबट चेरीसारखी चव, जिभेच्या कडांना पाणी सुटेल असा आंबटपणा, आणि हिरड्यांवर जांभूळ खाल्ल्यासारखा तुरटपणा. तो तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. टस्कनीतल्याच मोंताल्चीनोचे लोक याच द्राक्षाची निर्भेळ ‘ब्रुनेल्लो’ करतात आणि ती उत्तम असते, पण तिला पिंपात आणि बाटलीत वर्षं काढावी लागतात. ज्याला इतकं थांबायचं नाही तो मिश्रणाकडे वळतो. आपल्या घरात याचा जवळचा नातलग म्हणजे भाजणी. तांदूळ, ज्वारी, हरभराडाळ, उडीद एकत्र कढईत टाकून कोणी भाजत नाही. प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, म्हणून वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. द्राक्षांच्या जातीही एकाच दिवशी पिकत नाहीत. बहुतेक ठिकाणी प्रत्येक जात वेगळी खुडतात, वेगळी आंबवतात आणि नंतर चाखत चाखत मिसळतात. भाजणीत धने किती हे ज्याला कळलं, त्याला मिश्रणातल्या पाच टक्के काबेर्ने द्राक्षांचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता कायद्याकडे. 1967 मध्ये कियांतीचे अधिकृत नियम झाले. त्यांत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं, म्हणजे त्रेब्बियानो आणि माल्वासिया, सक्तीची झाली. रिकासोलींनी लवकर पिण्याच्या वाइनसाठी सुचवलेली सवलत सगळ्यांवर लादली गेली. पातळ कियांती गवताच्या वेष्टनातल्या गोल बुडाच्या बाटल्यांतून जगभर गेली, आणि कित्येक ठिकाणी वाइनपेक्षा रिकाम्या बाटलीचंच कौतुक झालं, मेणबत्ती खोचायला.

फ्लॉरेन्सच्या जुन्या वाइन घराण्यातले पिएरो अंतिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी ही सक्ती झुगारली. 1971 च्या पिकाची ‘तिन्यानेल्लो’ त्यांनी कियांतीच्या नावाशिवाय बाजारात आणली. 1975 च्या पिकापर्यंत पांढरी द्राक्षं पूर्ण हद्दपार झाली आणि फ्रेंच काबेर्ने आत आली. आजही प्रमाण साधारण 80 टक्के सांजोवेझे, उरलेली काबेर्ने सोव्हिन्यों आणि काबेर्ने फ्रांक. मुरवण लहान ओक पिंपांत. पिएरोंच्या मावशीचे यजमान मारिओ इंचीझा यांनी त्याआधीच, समुद्राजवळच्या बोल्गेरीत, खडकाळ जमिनीत काबेर्ने लावून ‘सास्सिकाया’ केली होती. तिचं विक्रीला आलेलं पहिलं पीक 1968 चं. म्हणजे बंड घरातलंच.

नियमात न बसल्याने या महागड्या वाइनच्या लेबलावर ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे साधी जेवणातली वाइन, असं छापावं लागे. सरकारी शिक्क्यावर किती भरवसा ठेवावा याचा याहून गमतीदार धडा मला माहीत नाही. शेवटी कायदाच नमला. 1992 च्या कायद्याने ‘आयजीटी’ हा मोकळा वर्ग दिला, आणि 2006 पासून ‘कियांती क्लासिको’त, म्हणजे कियांतीच्या मूळ पट्ट्यातल्या वाइनमध्ये, पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली. आज तिथे किमान 80 टक्के सांजोवेझे लागते. बाटलीच्या गळ्यावर काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. गंमत म्हणजे आता तिन्यानेल्लो या नियमात बसते, पण ती परत आलेली नाही.

उत्तरेला, व्हेरोनाजवळच्या वालपोलिचेल्लात युक्ती वेगळी. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला यांचे घड खुडल्यावर तीन-चार महिने हवेशीर माळ्यांवर पसरून ठेवतात. वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्तच घटतं, साखर दाट होते, आणि मग ‘अमारोने’ आंबवतात. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर वाढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की आपल्याकडे उन्हाळी कोरड्या हवेत माल पंधरा-वीस दिवसांत पार वाळवायचा असतो, आणि तिथे थंडीत अर्ध्यावर थांबायचं असतं. अमारोनेचा उरलेला चोथाही टाकत नाहीत. त्यावर साधी वालपोलिचेल्ला ओतून पुन्हा आंबवली की झाली ‘रिपास्सो’. अमारोनेपेक्षा बरीच स्वस्त, आणि माझ्या मते पैसे वसूल करणारी.

पिताना एकच चूक सगळे करतात: ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हे वाक्य युरोपातल्या दगडी घरांसाठी आहे, पुण्याच्या मे महिन्यासाठी नाही. बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवावी. 16 ते 18 अंश पुरे. सांजोवेझेचा आंबटपणा टोमॅटोशी आणि मटणाशी छान जमतो. खोबऱ्याचं, बेताच्या तिखटाचं सुकं मटण चालेल, भरीतही चालेल. कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर मात्र अमारोने उघडू नका. तिच्यातलं अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास, ते तिखटाला आणखी चेतवतं, आणि शेवटी दोन्ही वाया.

मिश्रण कळायला सोपी रीत म्हणजे दोन पेले शेजारी ठेवणं. एकात कियांती क्लासिको, दुसऱ्यात अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ वायनरीची ‘सेत्ते’. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ-भाऊ: मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घरांतले. वाइन करणारे पिएरो मासी टस्कनीचे. सेत्तेत सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों आहेत, म्हणजे तिन्यानेल्लोच्याच वळणाचं मिश्रण. फक्त इथे वेलीला वर्षातून दोन छाटण्या, खरड छाटणी आणि गोडी छाटणी. टस्कनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते, सोलापुरात शिमग्याच्या आगेमागे. आणि किती वाट्या सांजोवेझे घालायची, हे अकलूजला कुठल्याही कायद्याने सांगितलेलं नाही.